खानदेशातून परदेशी एमबीबीएस : वाट शेवटाकडून मोजा

जूनमध्ये नीटचा निकाल लागतो तेव्हा आपल्याकडे कपाशीच्या लागवडीची धावपळ असते. त्याच आठवड्यात जळगाव, धुळे, शहादा, चाळीसगाव इथल्या हॉटेलांच्या हॉलमध्ये 'परदेशात एमबीबीएस'चे सेमिनार सुरू होतात. चहा, समोसा, गुळगुळीत माहितीपत्रक आणि त्यावर बर्फात उभी असलेली पांढऱ्या कोटातली मुलं. हात न धुता शेतातून तसेच आलेले वडील मागच्या रांगेत बसतात आणि शेवटी एकच विचारतात, "साहेब, कोणतं कंट्री चांगलं?"

मी स्वतः त्याच रांगेतून गेलेला आहे. २०१२ साली किर्गिझस्तानातल्या बिश्केकला गेलो, २०१८ला परत आलो, स्क्रीनिंग परीक्षा, म्हणजे परदेशी पदवीधराला इथल्या नोंदणीआधी द्यावी लागणारी एफएमजीई, तिसऱ्या प्रयत्नात सुटली आणि आता पारोळ्याकडे प्रॅक्टिस करतो. दर उन्हाळ्यात आठ-दहा पालक दवाखान्यात येतात, औषधाचा कागद बाजूला सारतात आणि पोराचं मार्कशीट पुढे करतात. त्यांना जे तोंडी सांगतो तेच इथे सविस्तर लिहितो आहे.

"कोणता देश" हा प्रश्न चौथा-पाचवा. पहिला प्रश्न असा : सहा वर्षांनी पोरगं परत आलं तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल त्याला नोंदणी देईल का? तिथून उलटं मोजत या, म्हणजे निम्मी माहितीपत्रकं आपोआप गळतात.

आधी इथलं दार नीट ठोठावा

नीट पात्र झाल्याशिवाय परदेशात जाऊन उपयोग नाही. २०१८पासून हे बंधनकारक आहे. पात्रता म्हणजे खुल्या प्रवर्गाला ५० पर्सेंटाइल. एससी, एसटी आणि ओबीसींना ४०. २०२५ साली हे आकडे ७२०पैकी खुल्यासाठी १४४ आणि राखीवसाठी ११३ गुणांवर आले होते. इथे आपल्याकडच्या मराठा कुटुंबांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : राज्याचं एसईबीसी प्रमाणपत्र केंद्राच्या ओबीसी यादीत मोजलं जात नाही. "आपल्याला चाळीसच लागतात" असं कुणी सांगितलं, तर नीटच्या स्कोअरकार्डावर प्रवर्ग काय छापलाय ते आधी बघा. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून खुल्याला ५० टक्के, राखीवला ४० टक्के, आणि ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षं पूर्ण. परदेशी प्रवेशासाठी नीटचा निकाल तीन वर्षं चालतो, म्हणून "यंदाच गेलं नाही तर संपलं" ही घाई खोटी आहे.

त्याच काळात राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या, फेऱ्या सुरू असतात. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय महाविद्यालय, जळगाव आणि नंदुरबारची शासकीय महाविद्यालयं आणि राज्यभरातली बाकीची, सगळ्यांचा अर्ज भरा आणि शेवटच्या फेरीपर्यंत थांबा. एजंट जुलैतच "सीट भरत आल्या" म्हणतो, कारण तुमच्या पोराला इथे जागा लागली तर त्याचं कमिशन बुडतं. मुलगी असेल तर दुप्पट थांबा. २०२४-२५पासून राज्य सरकारने ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे, मात्र प्रवेश कॅपमधून हवा. मी असे पालक पाहिले आहेत ज्यांनी ही सवलत माहीत नसताना मुलीला परदेशी पाठवण्यासाठी प्लॉट विकला.

गुण पात्रतेच्या काठावर असतील तर मी उघड बोलतो. इथे दोन वर्षं क्लास लावून ज्याला जीवशास्त्राचं पुस्तक जड गेलं, त्याला तिथे ते हलकं जाणार नाही. नीटला जे टाळलं ते सहा वर्षांनी स्क्रीनिंगमध्ये पुन्हा समोर येतं, तेव्हा ते एकोणीस विषयांचं असतं.

२०२१चा नियम : हा कागद घरात चिकटवा

माझ्या वेळी नियम सैल होते. १८ नोव्हेंबर २०२१ला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने, म्हणजे एनएमसीने, परदेशी पदवीधरांसाठी नवे नियम काढले आणि खेळ बदलला. त्यानंतर प्रवेश घेणाऱ्याला या अटी लागू आहेत :

अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा.
त्याव्यतिरिक्त १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी, आणि ती त्याच परदेशी कॉलेजात.
शिकवण्याचं माध्यम इंग्रजी हवं.
सगळे विषय आणि वॉर्डातलं प्रत्यक्ष प्रशिक्षण हवं. त्यात मेडिसिन, सर्जरी, प्रसूतिशास्त्र, बालरोग, मानसोपचार, कान-नाक-घसा सगळं आलं.
सगळं एकाच कॉलेजात, भारताबाहेर आणि प्रवेशापासून १० वर्षांच्या आत पूर्ण व्हायला हवं.
त्या देशात तिथल्या नागरिकाइतकीच प्रॅक्टिस करण्याची परवानगी मिळण्याची पात्रता हवी.
आणि भारतात परतल्यावर पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप.

प्रत्येक ओळीत एक खड्डा आहे. "पाच वर्षांत एमडी" (तिकडे एमबीबीएसच्या तोडीच्या पदवीला एमडी म्हणतात) असं कुणी म्हणालं तर विचारा, त्यात इंटर्नशिप धरून की सोडून? पाच वर्षं म्हणजे ६० महिने, त्यातली १२ इंटर्नशिपची असतील तर अभ्यासाचे ४८च उरतात. ५४ भरत नाहीत. फिलिपिन्समध्ये आपली कितीतरी मुलं इथेच अडकली : तिथला एमडी चार वर्षांचा, आणि त्याआधीचं बीएस भारतात वैद्यकीय शिक्षण म्हणून धरलं जात नाही. "शेवटचं वर्ष भारतातल्या हॉस्पिटलात करून देऊ" असं सांगणारे अजून भेटतात. एकाच कॉलेजची अट वाचली की त्याचं उत्तर मिळतं. आणि मध्येच कॉलेज बदलणं म्हणजे स्वतःच्या हाताने फाइल बाद करणं.

परवान्याची अट पालक सगळ्यात कमी विचारतात. काही ठिकाणी डिग्री इंग्रजीत मिळते, पण त्या देशाची परवाना परीक्षा स्थानिक भाषेत असते. परदेशी विद्यार्थ्याला तो परवाना मिळतो का, कोणत्या परीक्षेनंतर, कोणत्या कार्यालयाकडून, हे कॉलेजच्या लेटरहेडवर लेखी घ्या.

आणखी एक गैरसमज. "आमचं कॉलेज एनएमसी मान्यताप्राप्त" असं बॅनर दिसलं तर उठून बाहेर या. एनएमसी परदेशी कॉलेजांना मान्यता देत नाही आणि त्यांची यादीही काढत नाही. तसंच जागतिक वैद्यकीय शाळांच्या सूचीत नाव असणं म्हणजे कॉलेज अस्तित्वात आहे, इतकंच.

आता देश आणि कॉलेज

मी देशांची क्रमवारी लावत नाही, कारण एकाच शहरात एक चांगलं आणि एक दुकानवजा कॉलेज शेजारी शेजारी असतं. तरी थोडक्यात :

नेपाळ आणि बांगलादेश महाग पडतात, पण पुस्तकं आपल्यासारखी, आजार आपल्यासारखे आणि रुग्णाशी मोडक्यातोडक्या हिंदीतही बोलता येतं. ज्यांचं बजेट झेपतं त्यांना मी हे आधी सांगतो. मात्र बांगलादेशात २०२४च्या जुलै-ऑगस्टमध्ये आंदोलन पेटलं आणि हजारो भारतीय विद्यार्थ्यांना घरी परतावं लागलं, तेही सांगतो. रशिया, किर्गिझस्तान, कझाकस्तान, उझबेकिस्तान स्वस्त पडतात, थंडी मोठी आणि भाषा रशियन किंवा स्थानिक. जॉर्जिया त्यांच्याहून थोडा महाग. युक्रेनमध्ये फेब्रुवारी २०२२ला युद्ध पेटलं तेव्हा सुमारे वीस हजार भारतीय होते, त्यातले बहुतेक विद्यार्थी, आणि 'ऑपरेशन गंगा'ने त्यांना परत आणावं लागलं. चीनमधली मुलं कोविडमुळे २०२०पासून दोन-अडीच वर्षं घरी मोबाइलवर लेक्चर बघत बसली आणि नंतर त्यांना इथे जास्तीची क्लिनिकल इंटर्नशिप करावी लागली. बिश्केकमध्ये १८ मे २०२४च्या सुमारास परदेशी विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलांवर जमाव चालून गेला. मी शिकलो ते शहर ते, त्या रात्री माझा फोन सकाळपर्यंत वाजत होता.

कॉलेज निवडताना एकच प्रश्न धरून ठेवा : पोरगं रुग्णाला हात लावणार का? संलग्न हॉस्पिटल किती खाटांचं, कॉलेजपासून किती लांब, एका बॅचमध्ये किती मुलं, चौथ्या वर्षापासून रोज वॉर्ड आहे का. हे एजंटाला विचारू नका. त्या कॉलेजात पाचव्या वर्षाला असलेल्या दोन मुलांना थेट व्हिडिओ कॉल करा, आणि एजंटाने जोडून दिलेली नव्हे, आपल्या तालुक्यातून शोधलेली मुलं घ्या. अमळनेर, चोपडा, साक्री, तळोदा, कुठेही थोडं विचारलंत तर कुणाचा ना कुणाचा भाचा तिकडे असतोच.

भाषेचं सांगतो, कारण हे माहितीपत्रकात नसतं. इकडे म्हातारी येते आणि अहिराणीत म्हणते, "पोट दुखस रे भो," आणि आपल्या हाताला आधीच कळतं कुठे दाबायचं. तिकडे माझं पहिलं वॉर्ड आठवतं : आजी "बलीत, बलीत" म्हणत होती, म्हणजे दुखतंय, पण कुठे, कधीपासून, जेवणानंतर की आधी, हे विचारायला माझ्याकडे शब्द नव्हते. लेक्चर इंग्रजीत आणि पेशंट रशियनमध्ये. ज्या मुलांनी पहिल्या दोन वर्षांत भाषा मनापासून शिकली ती डॉक्टर झाली. बाकीची मागच्या रांगेत उभी राहून फोटो काढत राहिली. म्हणून जाण्याआधीच्या तीन महिन्यांत मुलाला सिरिलिक, म्हणजे रशियन भाषेची, लिपी वाचायला शिकवा. आठवड्याभराचं काम आहे.

पैसे

माझ्या ओळखीतल्या घरांचा सगळा मिळून खर्च २५ ते ४० लाखांच्या मध्ये गेला. माहितीपत्रकावर १८ लाख असतात, कारण त्यात मेस, विमा, व्हिसाचं नूतनीकरण, हिवाळी कपडे, विमानाची तिकिटं, परत आल्यावरचा स्क्रीनिंगचा क्लास आणि त्या काळातलं घरभाडं धरलेलं नसतं. माझ्या वडिलांना दुसऱ्या वर्षी कळलं की हॉस्टेलची फी "वेगळी" होती.

फी डॉलरमध्ये असते आणि डॉलर सहा वर्षं एका जागी उभा राहत नाही. ४,००० डॉलरची फी २०२०च्या सुरुवातीला, डॉलर ७१च्या आसपास असताना, २ लाख ८४ हजार होती. तोच डॉलर ८६ला गेला की ३ लाख ४४ हजार. फी एक पैसाही न वाढता साठ हजारांचा फरक. म्हणून एजंटाच्या आकड्यावर वीस टक्के चढवून बघा. तरीही झेपत असेल तरच पुढे जा.

कर्जाबाबत आपल्याकडची अडचण वेगळी. केळीवाल्याकडे, कापूसवाल्याकडे जमीन असते, पण बँकेला तारण थेट जप्त करू देणारा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, म्हणून बँका ती तारण घ्यायला नाखूश असतात. त्यांना एनए प्लॉट, घर किंवा एफडी हवी असते. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, त्यापुढे मागतात, आणि परदेशी शिक्षणासाठी १५ टक्के रक्कम तुमची स्वतःची लागते. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करा.

आता हप्त्याचं गणित कागदावर मांडा. हप्ता साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होतो. सहा वर्षं आणि एक, म्हणजे सातव्या वर्षाच्या अखेरीस. पोरगं तेव्हा कुठे असेल? सहा वर्षं तिथे, मग स्क्रीनिंग, पहिल्या प्रयत्नात सुटली तरी निकाल आणि नोंदणीत काही महिने, मग इथली एक वर्षाची इंटर्नशिप. म्हणजे हप्ता सुरू झाला तेव्हा ते अजून विद्यावेतनावर असेल. हे वर्ष-दीड वर्ष घराने पेलायचं, त्याची तजवीज आजच करा. जुन्या कररचनेत राहणाऱ्यांना शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते. स्वतःच्या पैशातून वर्षाला १० लाखांच्या वर पाठवले तर बँक टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर, कापते, तो रिटर्न भरताना वळता होतो. कर्जातून पाठवलेल्या फीवर तो लागत नाही.

आणि फी कुठे जाते? थेट कॉलेजच्या बँक खात्यात, बँकेतून, पावतीसकट. एजंटाच्या खात्यात, त्याच्या मेव्हण्याच्या खात्यात किंवा रोख नाही. एजंटाची सेवा घ्यायची तर त्याची फी वेगळी ठरवा आणि लिहून घ्या : काय काय धरलंय, व्हिसा नाकारला तर किती परत. मूळ मार्कशीट त्याच्याकडे ठेवू नका. माझ्या बॅचमधल्या एका मुलाची बारावीची मूळ मार्कशीट दीड वर्ष "ऑफिसात सुरक्षित" होती. शेवटी त्याच्या मामांनी दोन माणसं नेल्यावर ती सापडली.

कागदपत्रं

पासपोर्ट बारावीच्या परीक्षेआधीच काढा. जळगाव आणि धुळ्याला पोस्ट ऑफिसात पासपोर्ट सेवा केंद्रं आहेत, ३६ पानी पासपोर्टची साधी फी १,५०० रुपये. मुलगा १५ ते १८मधला असेल तर दहा वर्षांच्या मुदतीचा मागा, नाहीतर अठराव्या वाढदिवसाला पुन्हा रांग. दहावी, बारावी, नीट, आधार, जन्मदाखला, पासपोर्ट या सगळ्यांवर नाव एकसारखं हवं. आपल्याकडे वडिलांच्या नावात कुठे "भाऊ", कुठे "राव", कुठे नुसतं आद्याक्षर असतं. ही दुरुस्ती बोर्डाकडून करून घ्यायला महिने लागतात आणि नोंदणीच्या वेळी हीच फाइल अडते.

दहावी-बारावीच्या प्रमाणपत्रांवर राज्य पातळीवरची पडताळणी आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा म्हणूनचा शिक्का, लागतं. त्याचं स्थानिक भाषेत भाषांतर बहुतेक कॉलेजं तिथे गेल्यावर करून घेतात. आरोग्य तपासणी आणि एचआयव्ही अहवाल ताजा हवा, म्हणून तो सगळ्यात शेवटी काढा. व्हिसा स्टुडंटच हवा. "आत्ता टुरिस्टवर जा, तिकडे बदलू" म्हणणाऱ्याला नमस्कार करा.

सामानात चांगले बूट आणि थर्मल इथून घेऊ नका, तिथे स्वस्त आणि खऱ्या थंडीचे मिळतात. काळा मसाला, पापड, कुरडया न्या. शेवभाजीचा मसाला हॉस्टेलच्या मजल्यावर चलनासारखा चालतो. कळण्याचं पीठ नेलं तर पोरगं दोन महिने रडणार नाही, असं माझी आई म्हणायची. तिचं खरं निघालं.

तिथली सहा वर्षं

पोहोचल्यावर भारतीय दूतावासाकडे नाव नोंदवा आणि तिथल्या इमिग्रेशनची नोंद वेळेत करा. नदी, तळं, बर्फ यांच्याशी मस्ती नको. २०२४च्या जूनमध्ये रशियातल्या वेलिकी नोवगोरोदजवळ वोल्खोव नदीत जळगाव जिल्ह्यातली मुलं बुडाली, तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी घरांत चूल पेटली नव्हती. तिथल्या नद्या दिसायला संथ असतात, पाणी उन्हाळ्यातही बर्फासारखं असतं.

अभ्यासाचं मुख्य सूत्र : स्क्रीनिंगचा अभ्यास पहिल्या वर्षी सुरू होतो. एफएमजीई वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या सत्रांत होते; प्रत्यक्ष पेपर अलीकडे महिनाभर पुढे जातो. ३०० प्रश्न, दीडशे-दीडशेचे दोन भाग, प्रत्येकी अडीच तास, उणे गुण नाहीत, १५० मिळाले की पास. ऐकायला सोपं वाटतं. तरी अलीकडच्या वर्षांत साधारण चार-पाचातला एकच पास होतो.

का नापास होतात? एक कारण सांगतो. ३००पैकी ३० प्रश्न सामाजिक वैद्यकशास्त्राचे असतात : आपलं लसीकरणाचं वेळापत्रक, क्षयरोग कार्यक्रम, आशा आणि उपकेंद्र, पाण्याचं क्लोरिनेशन. हे बिश्केकमध्ये कोण शिकवणार? मेडिसिनचे ३३, सर्जरीचे ३२, प्रसूतिशास्त्राचे ३०. त्यांच्या बरोबरीने हा विषय बसलेला असतो आणि मुलं तो परत आल्यावर दोन महिन्यांत उरकू पाहतात. मी दोनदा इथेच आपटलो. तिसऱ्या वेळी परीक्षेआधीच्या उन्हाळ्यात गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून तीन दिवस जाऊन बसलो, नर्सताईंच्या रजिस्टरवर हात फिरवला, आणि तो विषय सुटला. मुलगा सुट्टीत आला की लग्नं कमी आणि केंद्रात हजेरी जास्त, असं करा.

पुस्तकं भारतीय वापरा, तिथली नोट्सची पानं परीक्षेपुरती. स्क्रीनिंगच्या जागी नेक्स्ट परीक्षा येणार असं काही वर्षं चाललं आहे. ती आली तरी पाया हाच राहील.

हजेरीचे पुरावे वर्षावर्षाला जमवत जा : गुणपत्रकं, इंटर्नशिपचं विभागवार लॉगबुक, प्रत्येक पानावर शिक्का. पदवीनंतर हजारो किलोमीटरवरून डीनची सही मागवणं काय असतं ते मला विचारा.

परतल्यावर

पहिल्या आठवड्यात एफएमजीईचा अर्ज, निकालानंतर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तात्पुरती नोंदणी, मग इंटर्नशिपसाठी जागा. वैद्यकीय महाविद्यालयांत परदेशी पदवीधरांसाठी साडेसात टक्के जागा ठेवण्याची तरतूद आहे; त्या भरलेल्या असतील तर वाट बघावी लागते, म्हणून धुळे, जळगाव, नंदुरबार असा हट्ट न धरता राज्यभर पर्याय भरा. मला मराठवाड्यात मिळाली आणि तिथेच पहिली प्रसूती स्वतःच्या हाताने केली.

कोविडनंतर कौन्सिल आणि एनएमसी पासपोर्टच्या प्रत्येक पानाची प्रत मागतात, येण्या-जाण्याचे शिक्के मोजतात आणि मूल खरंच वर्गात होतं का हे त्यावरून बघतात. सहा वर्षांत पासपोर्ट भरला आणि नवा आला, तर जुना फेकू नका. घरात सातबारा ज्या पेटीत ठेवता, तिथेच तो ठेवा.